गीझरचा थर्मोस्टॅट बदलताना वायर कुठली कुठे

पुण्यात डिसेंबरची थंडी पडली की गीझरच्या तक्रारी सुरू होतात. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी ठरावीक तापलं की कॉइल बंद करणारा भाग, गेला असेल तर तो बदलणं अवघड नाही, पण जोडणी चुकली तर जिवावर बेतू शकतं.

आधी एमसीबी (बोर्डावरचा सर्किट ब्रेकर) खाली करून बंद करा. नुसत्या स्विचवर भरवसा ठेवू नका. पेठांतल्या जुन्या घरांत फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले सापडतात. झाकण काढल्यावर दोन्ही वायरींना टेस्टर लावून बघा आणि एकही वायर सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.

फेज आधी कटआउटमधून (पाणी फार तापलं तर वीज तोडणारा सुरक्षा स्विच), मग थर्मोस्टॅटमधून पाणी तापवणाऱ्या कॉइलकडे जातो. न्यूट्रल थेट कॉइलला, अर्थ टाकीच्या बोल्टला. काही थर्मोस्टॅटमध्ये कटआउट आतच असतो. नवा थर्मोस्टॅट जुन्याच अँपिअरचा आणि तेवढ्याच लांबीच्या दांडीचा घ्या, जुना दुकानात घेऊन गेलात तर उत्तम.

आता टर्मिनल नीट बघा. २००० वॅटची कॉइल २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर ओढते. स्क्रू सैल राहिला की तिथेच वायर तापते, इन्सुलेशन तपकिरी होऊन कडक पडतं. तेवढा तुकडा कापून नवा लग (वायरीच्या टोकाचा धातूचा जोड) दाबून बसवा. जळक्या टोकावर नवा पार्ट लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

कटआउट सारखा उडतो म्हणून तो बायपास कधीही करू नका, कुणी मिस्त्री सुचवत असला तरी. थर्मोस्टॅट अडकला तर पाणी उकळण्यापासून तोच वाचवतो.

टाकी भरून गरम पाण्याच्या नळाला सलग धार आली, की मगच एमसीबी वर करा.