महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यात राहायला जाताना

खोली ठरवण्याआधी फोन करा आणि भाडं विचारायच्या आधी खोली नेमकी कुठे आहे ते विचारा. इंग्रजांच्या काळातल्या या बंगल्यांची आता हॉटेलं झाली, तरी बांधणी मूळचीच: जांभ्या दगडाच्या जाड भिंती, उंच जोतं, पुढे लांबलचक व्हरांडा आणि खोलीच्या मागे न्हाणीघर. बरोबर वयस्कर माणूस असेल तर पायऱ्या किती, धरायला कठडा आहे का आणि न्हाणीघर खोलीच्या पातळीत आहे की खाली, हे विचाराच. गेल्या डिसेंबरात आई रात्री उठली आणि न्हाणीघरात उतरायची वीतभर पायरी तिला अंधारात दिसलीच नाही. गुडघ्यावर निभावलं. तेव्हापासून आमच्या बॅगेत सगळ्यात वर बॅटरी असते, आणि पोचल्या पोचल्या मी आईला हाताला धरून तो रस्ता दोनदा चालवते.

न्हाणीघराला मागच्या बाजूने आणखी एक दार असतं. पूर्वी पाणी भरणारी, झाडलोट करणारी माणसं तिथून ये-जा करायची. दमट हवेने लाकूड फुगतं, कडी अर्धीच बसते. ती रोज संध्याकाळी स्वतः ओढून बघा, कारण माकडं टपलेलीच असतात आणि चिक्कीचा पुडा त्यांना बरोबर सापडतो. खाऊ कपाटात ठेवा, टेबलावर नको.

हिवाळ्यात जात असाल तर स्वेटर, कानटोपी घ्यालच. पण पायमोजे दोन जोड जास्त घ्या. छत उंच, फरशी गार, खोली लवकर ऊब धरत नाही. घरातल्या घरात घालायच्या सपाता विसरू नका. गरम पाणी किती ते किती आणि जेवणाच्या वेळा काय, हे पहिल्या दिवशीच विचारून कागदावर लिहा. गोळ्यांच्या वेळा त्याप्रमाणे लावता येतात. पावसाळ्यात म्हाताऱ्यांना घेऊन जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे. पूर्वी भिंती भिजू नयेत म्हणून त्यांना बाहेरून कुळमाच्या गवताची झापं बांधायचे. अशा दिवसांत अंथरुणंसुद्धा ओलसर लागतात.

मुलं बरोबर असतील तर त्यांना जाण्याआधी एवढं नक्की सांगा: 1829 साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी ही जागा इंग्रजांना दिली आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव घेतलं. गव्हर्नर माल्कमच्या नावावरून इथल्या पेठेला माल्कम पेठ म्हणू लागले. म्हणजे आपण राहतो तो बंगला साताऱ्याच्याच इतिहासातला आहे, हे कळलं की मुलं भिंतीला खिळे-पेन लावत नाहीत. मी तरी ही गोष्ट गाडीतच सांगते.

साताऱ्याहून मेढा, केळघर घाटाने निघा, पण दुपारीच. वळणं फार आहेत. ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी आवळासुपारी हाताशी ठेवा. रोख पैसे, गोळ्यांची चिठ्ठी आणि थर्मास घरूनच. कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलावाकाठी गोठलेलं दव बघायचं असेल तर उन्हं यायच्या आत निघावं लागतं, तेव्हा स्वयंपाकघरात आदल्या रात्रीच चहाचं सांगून थर्मास त्यांच्याकडे देऊन ठेवा.