स्थिर आकारमानावर मुक्त ऊर्जेतील बदल कसा काढावा

आकारमान आणि तापमान स्थिर असेल तर गिब्जची नव्हे, हेल्महोल्ट्झची मुक्त ऊर्जा (कामासाठी मिळू शकणारी ऊर्जा) वापरायची; एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्थेचे माप:

हेल्महोल्ट्झ ऊर्जेतील बदल = आंतरिक ऊर्जेतील बदल − (तापमान × एन्ट्रॉपीतील बदल)

अडचण आकड्यांची असते. कोष्टकांत एन्थाल्पी (आंतरिक ऊर्जा + दाब × आकारमान) मिळते, आंतरिक ऊर्जा नाही; आणि वायूंची एन्ट्रॉपी १ बार दाबाची असते. म्हणून दोन दुरुस्त्या कराव्या लागतात. दुसरी बहुतेकांच्या हातून सुटते.

उदाहरण घेऊ. ३७.२ लिटरच्या घट्ट बंद भांड्यात १ मोल कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धा मोल ऑक्सिजन, २९८.१५ केल्विनला, एकूण दाब १ बार. अभिक्रिया पूर्ण होऊन १ मोल कार्बन डायऑक्साइड बनतो आणि भांडे पुन्हा मूळ तापमानावर येते. मधल्या काळात ज्वाला किती तापली याने फरक पडत नाही, कारण मुक्त ऊर्जा फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या स्थितीवर अवलंबून असते.

एन्थाल्पीतील बदल −२८२.९८ किलोज्यूल. आता फक्त वायूंचे मोल मोजा: १.५ चा १ झाला, म्हणजे बदल −०.५. एन्थाल्पीतून (मोलांतील बदल × वायू स्थिरांक ८.३१४ × तापमान) वजा करा. ही रक्कम −१.२४ आहे. आंतरिक ऊर्जेतील बदल आला −२८१.७४ किलोज्यूल. वजातून वजा करताना चिन्ह सांभाळा.

कोष्टकातली एन्ट्रॉपी: २१३.७४ − १९७.६७ − १०२.५७ = −८६.५० ज्यूल प्रति केल्विन. तेवढ्यावरच थांबलात तर उत्तर येते −२५५.९५ किलोज्यूल. गणित बरोबर आहे, पण ते प्रत्येक वायू सुटा, १ बारला असतानाचे. गिब्जच्या (एन्थाल्पीतील बदल − तापमान × एन्ट्रॉपीतील बदल) −२५७.१९ मध्ये १.२४ मिळवूनही हेच उत्तर येते. पडताळा म्हणून हे करून पाहाच.

आपल्या भांड्यात मात्र कार्बन मोनॉक्साइडचा आंशिक दाब २/३ बार, ऑक्सिजनचा १/३ बार आणि शेवटी कार्बन डायऑक्साइडचा २/३ बार. प्रत्येक वायूच्या एन्ट्रॉपीतून (मोल × ८.३१४ × बारमधील दाबाचा नैसर्गिक लॉग) वजा करा. दोन्ही कार्बनी वायूंचे मोल आणि दाब सारखे, म्हणून त्यांच्या दुरुस्त्या एकमेकींना छेदतात. उरते ऑक्सिजनची ४.५७. एन्ट्रॉपीतील बदल −९१.०७ ज्यूल प्रति केल्विन होतो आणि खरे उत्तर −२५४.५९ किलोज्यूल येते. आंतरिक ऊर्जेला अशी दुरुस्ती लागत नाही, कारण आदर्श वायूत ती दाबावर अवलंबून नसते.

उत्तर भलतेच मोठे आले, तर एन्ट्रॉपी ज्यूलमध्येच राहिली आहे का ते आधी पाहा.