केनियात महिला उमेदवारांबरोबर काम करायला निघालात, तर...

'आफ्रिकेत महिलांच्या राजकीय सहभागावर काम करायचंय, तयारी काय करू?' असं बरेच जण विचारतात. मी फक्त केनियाबद्दल सांगू शकते. रवांडाच्या संसदेत निम्म्याहून जास्त बायका आहेत, केनियात अजून भांडणच चालू आहे. दोन्ही देशांना एकच सल्ला कसा चालेल?

आधी केनियाची २०१० ची राज्यघटना वाचा. निवडून आलेल्या कुठल्याही सभागृहात एकाच लिंगाचे सदस्य दोन-तृतीयांशांहून जास्त नसावेत, असं त्यात आहे. त्यासाठीचा कायदा संसदेने केला नाही, म्हणून २०२० मध्ये सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांनी राष्ट्राध्यक्षांना संसद बरखास्त करायचा सल्ला दिला. संसद जागची हलली नाही.

आपली पंचायत डोक्यात ठेवून गेलात तर घोळ होईल. तिथे वॉर्ड आरक्षित नसतात. ४७ काउंट्यांतून, म्हणजे जिल्ह्यांसारख्या विभागांतून, प्रत्येकी एक महिला प्रतिनिधी संसदेत जाते. वॉर्डात मात्र पुरुषांशी सरळ लढत. काउंटी सभागृहात बायका कमी पडल्या तर पक्षांच्या यादीतून भरतात, आणि त्यांना 'फ्लॉवर गर्ल्स', म्हणजे नुसत्या शोभेच्या, म्हणून हिणवतात. म्हणून जिद्दीच्या बायकांना वॉर्डच हवा असतो.

आणि वॉर्डात पहिला प्रश्न येतो तो 'ही कुणाची?' माहेरचे म्हणतात, ती लग्न करून गेली. सासरचे म्हणतात, ती बाहेरून आली. घटस्फोटित किंवा अविवाहित असली तर विचारूच नका. हे ऐकून मराठी बाईला काही नवल वाटायचं नाही. याला भाषणकलेच्या कार्यशाळेत उत्तर नाही. वर्षानुवर्षं त्याच भागातल्या 'चामां'त, म्हणजे त्यांच्या बचतगटांत, वावरलेल्या बाईला हा प्रश्न कमी त्रास देतो. चीफने, म्हणजे तिथल्या स्थानिक सरकारी अधिकाऱ्याने, बोलावलेल्या 'बराझा'त (जाहीर सभेत) किंवा अंत्यविधीला जमलेल्या गर्दीपुढे तिला बोलायला मिळतं का, ते बघा. तिथे अंत्यविधीतही राजकारण चालतं.

तुम्ही परदेशी आहात, तेव्हा कुणा एकीचा प्रचार करू नका. सगळ्या पक्षांच्या बायकांना खर्चाचा हिशेब, मतदारयादी, तक्रार कशी नोंदवायची हे शिकवा. उमेदवारी अर्जाचं शुल्क महिलांना निम्मं असतं. खरा पैसा जातो गाड्यांना, पोस्टरांना आणि हात पसरणाऱ्यांना.

पुढची निवडणूक ऑगस्ट २०२७ मध्ये आहे. पक्षांतर्गत निवड त्याच्या काही महिने आधी उरकते आणि प्रबळ पक्षाच्या बालेकिल्ल्यात निकाल जवळपास तिथेच लागतो. जुलैचं विमानाचं तिकीट काढून उपयोग नाही.