कारखान्यातील जुन्या सॉफ्टवेअरची तांत्रिक तपासणी कशी करावी

सोलापुरातील टॉवेल-चादरीच्या कारखान्यात सुताचा साठा, विणकरांची मजुरी आणि विक्रीची बिले सांभाळणारे सॉफ्टवेअर पुष्कळदा वर्षांपूर्वी कोणीतरी खास बनवून दिलेले असते. ते ठेवावे की बदलावे हा प्रश्न आला की मालक पडद्याचे जुनाट रूप पाहून निर्णय घेतात. माझ्या मते खरी कसोटी वेगळीच आहे: हे सॉफ्टवेअर दुसऱ्या संगणकावर, ते न लिहिलेल्या माणसाला उभे करता येते का?

म्हणून तपासणीची सुरुवात बॅकअपपासून करावी. आदल्या रात्रीचा बॅकअप घेऊन, कारखान्याच्या नेटवर्कला न जोडलेल्या कोऱ्या संगणकावर सगळी यंत्रणा नव्याने बसवावी. मग मागील महिन्याची एकूण विक्री, एका प्रकारच्या सुताचा शिल्लक साठा आणि एका व्यापाऱ्याची येणे बाकी हे तीन आकडे चालू यंत्रणेतील त्याच वेळच्या आकड्यांशी ताडून पाहावेत. या कामात अडवणारी प्रत्येक गोष्ट, मग ती हरवलेली लायसन्स की असो, कोणालाच ठाऊक नसलेला पासवर्ड असो किंवा जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर, त्याच वेळी लिहून ठेवावी, कारण सर्व्हर बंद पडेल त्या दिवशी हेच अडथळे पुन्हा समोर येणार आहेत. लागलेला वेळही नोंदवावा. बिलाविना माल तितका काळ फाटकात अडून राहील.

त्यानंतर सोर्स कोड, म्हणजे ज्यातून प्रोग्रॅम तयार होतो तो प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, मागावा. तो हातात असणे पुरेसे नाही. त्यातून प्रोग्रॅम पुन्हा तयार करून तो रोजच्या वापरातील प्रोग्रॅमसारखाच चालतो का, हे पाहावे लागते, कारण शेवटची दुरुस्ती थेट कारखान्यातील संगणकावर करून मूळ प्रत तशीच ठेवलेली असू शकते.

सॉफ्टवेअर ज्या साधनांवर उभे आहे, त्या पायाचे वय तपासणे सोपे आहे. व्हिज्युअल फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्रॅम बनवण्याच्या जुन्या साधनाचा आधार मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१५ मध्ये थांबवला आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आधार संपला म्हणून प्रोग्रॅम लगेच थांबत नाही, परंतु सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळेनाशा होतात. फॉक्सप्रोची एक टेबल फाइल, म्हणजे नोंदी साठवणारी फाइल, २ जीबीच्या पुढे वाढू शकत नाही; तेव्हा सर्वांत मोठ्या फाइलचा आजचा आकार आणि वर्षभरातील वाढ जरूर पाहावी.

आता नियमांकडे यावे; माझ्या अनुभवात प्रोग्रॅमची बांधणी इथेच सर्वांत स्पष्ट दिसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून चादरी, टॉवेल अशा वस्तूंवर नगामागे २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागू झाला. त्याआधी ही सीमा १००० रुपये आणि वरचा दर १२ टक्के होता. हा बदल लागू तारखेसह दरतक्त्यात नोंदवून झाला असेल तर बांधणी चांगली समजावी. त्यासाठी प्रोग्रॅमरला कोडमध्ये ठिकठिकाणी आकडे बदलावे लागले असतील, तर पुढच्या प्रत्येक बदलाचा खर्च तसाच येईल. खात्रीसाठी १५०० रुपये किमतीच्या चादरीचे ऑगस्ट २०२५ मधील बिल पुन्हा छापावे. त्यावर १२ टक्क्यांऐवजी ५ टक्के कर दिसला, तर जुन्या नोंदी सुरक्षित नाहीत. कारखाना कंपनी म्हणून नोंदलेला असल्यास १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरबदलाची, बंद न करता येणारी नोंद असणे बंधनकारक आहे. चाचणीच्या प्रतीत एक व्हाउचर बदलून ती नोंद उमटते का, हे पाहावे.

शेवटी कारकुनाजवळ एक पूर्ण दिवस बसावे आणि तो कोणती माहिती वेगळ्या वहीत किंवा एक्सेलमध्ये ठेवतो हे विचारावे. सॉफ्टवेअरमधील उणीव तिथे नेमकी सापडते.

अहवालात प्रत्येक दोषासोबत पुरावा आणि दुरुस्तीचा अंदाजे खर्च लिहावा. दुरुस्तीच्या क्रमात बॅकअप पहिला, सोर्स कोड दुसरा आणि पडद्याची रंगरंगोटी अगदी शेवटी ठेवावी.