गल्ल्यातल्या नाण्यांवरचं साल वाचताना या चुका टाळा

सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उलगली की माझ्या दुकानात चिल्लरीचा पूर येतो. पाळणेवाले, खेळणीवाले, भेळवाले सगळे सुटे देऊन नोटा न्यायला येतात. मग त्या दिवसांत रोज रात्री जेवण झालं की मी परातीत नाणी ओततो आणि भिंग घेऊन बसतो. हा नाद मला बरीच वर्षं आहे. आता गल्लीतली पोरंही मूठभर नाणी घेऊन येतात. "काका, ह्याच्यातला नऊ बघा, जाड हाय. वेगळं नाणं असेल का?"

बहुतेक वेळा ते वेगळं नसतं. पण पोरांची नजर चुकलेली नसते, चुकलेली असते ती तुलना.

असं खरंच वेगळं निघालेलं नाणं म्हणजे 'सालाचा प्रकार'. तो नेमका काय, ते आधी पक्कं करू. साल तेच, टांकसाळ तीच, नक्षी आणि धातूही तोच, पण सालाचे आकडे लहान-मोठे, जवळ-लांब किंवा वेगळ्या वळणाचे, कारण साचाच वेगळा होता. यातली एक अट जरी सुटली तरी आपण दोन वेगळी नाणी शेजारी ठेवून भांडत बसतो.

टांकसाळीची खूण न बघता आकडे मोजणं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून यावर जरा थांबतो. आपल्याकडे चार टांकसाळी आहेत. सालाखाली बर्फीसारखा तिरका चौकोन असेल तर नाणं मुंबईचं, पाच टोकांची चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं. नोएडाची टांकसाळ 1988 मध्ये सुरू झाली, म्हणजे त्याआधीच्या सालाखाली ठिपका दिसला तर आधी मळ आहे का ते बघा. सोलापुरात हैदराबादची चांदणी माझ्या परातीत भरपूर येते. मुंबईच्या नाण्यावरचा आकडा आणि हैदराबादच्या नाण्यावरचा आकडा यांच्या वळणात फरक दिसला, तर तो दोन टांकसाळींतला फरक असू शकतो. त्याला सालाचा प्रकार म्हणू नका.

खूण कुठे आहे, हेही तितकंच महत्त्वाचं. 1985 चा रुपया बाहेरच्या टांकसाळींतूनही पाडून आणला होता. ब्रिटनमधल्या लँट्रिसंटच्या रुपयावर तिरका चौकोन आहे, पण तो सालाच्या मधोमध नाही, पहिल्या आकड्याखाली आहे. बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीच्या रुपयावर इंग्रजी 'एच' अक्षर आहे. घाईत बघणारा चौकोन दिसला की 'मुंबई' म्हणून मोकळा होतो आणि हातातलं बरं नाणं पुन्हा गल्ल्यात टाकतो.

झिजेचंही भान ठेवा. चांदणीची टोकं घासली की ती ठिपक्यासारखी दिसते, आणि ठिपका पार गेला की नाणं कोलकात्याचं वाटतं. सालाचे आकडेच गुळगुळीत झाले असतील तर त्या नाण्यावर निकाल देऊच नका, बाजूला ठेवा.

एक प्रसंग सांगतो. सिद्धेश्वराच्या देवळातून आलेल्या सुट्यात 2000 सालचा स्टीलचा रुपया होता. सालाखाली गोल ठिपका, म्हणून मी तो नोएडाच्या पाकिटात टाकला. पण त्याच पाकिटातल्या दुसऱ्या रुपयाशी त्याचे आकडे जुळेनात. दोन दिवस मी ती जोडी 'नवा प्रकार' म्हणून जपली. मग कडेला लालसर झाक दिसली. नाणं रात्रभर साध्या पाण्यात ठेवलं, सकाळी भिजवलेल्या दातकोरणीच्या टोकाने हलकेच टोकरलं, तर तेलकट कुंकवाची टिकली निघून आली आणि खाली चांदणीची पाच टोकं लख्ख दिसली. नाणं हैदराबादचं होतं. तेव्हापासून देवळातली नाणी आधी पाण्यात जातात, भिंगाखाली नंतर येतात.

पण पाण्यातच, हं. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर यांतलं काहीही लावू नका. तांब्याचा देव्हारा उजळायची ती रीत नाण्याला मारक आहे. घासलेल्या नाण्यावर आकड्यांच्या कडा बोथट होतात आणि जाड-बारीक ठरवायला काही उरतच नाही.

धातू बदलला ते लक्षात न घेणं

1991 पर्यंतचा रुपया तांबं-निकेलचा, शेवटच्या वर्षांत 6 ग्रॅमचा. 1992 पासून स्टीलचा छोटा रुपया आला. पाचाचं जुनं जाड नाणं तांबं-निकेलचं, 9 ग्रॅमचं, आणि 2007 च्या सुमाराचं पातळ नाणं स्टीलचं. लोहचुंबक जवळ न्या: या स्टीलच्या नाण्यांना तो चिकटतो, तांबं-निकेलला नाही. 2011 साल तर फसवंच आहे. त्या एकाच सालात हाताच्या मुद्रेची जुनी नक्षीही आहे आणि रुपयाचं नवं चिन्ह असलेली नाणीही आहेत. त्यांचे आकडे वेगळे दिसणारच, नक्षीच बदलली आहे.

स्मारक नाण्यावरचं साल

दांडी यात्रेच्या पाचाच्या नाण्यावर 1930 आणि 2005 अशी दोन सालं आहेत. '1930 चं नाणं सापडलं' असं म्हणत एक जण धावत आला होता. पहिलं साल घटनेचं आहे. 1999 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचं दोनाचं नाणं निघालं, संत ज्ञानेश्वरांचा रुपयाही त्याच सालचा. ती वेगळी नाणी म्हणून जपा, साध्या नाण्यांच्या आकड्यांशी ताडून बघू नका.

साच्याचा दोष आणि साच्याचा प्रकार

2000 मधलं एखादं शून्य भरीव दिसतं, 8 चं पोट बुजलेलं असतं. साच्याचा कपचा उडाला की त्या खड्ड्यात धातू शिरतो आणि नाण्यावर गाठ उमटते. साच्यात वंगण-मळ साचला की उलट होतं, आकडा फिका किंवा अर्धवट उठतो, मग 8 चा 3 वाटतो. दोन्ही दोष आहेत. ते जमवायला हरकत नाही, पण पाकिटावर 'दोष' असंच लिहा.

दुहेरी दिसणाऱ्या आकड्यांचं जरा नाजूक आहे. ठोका बसताना साचा हलला तर आकड्याच्या बाजूला सपाट पायरी उमटते आणि मूळ आकडा तेवढा बारीक होतो. असं वरचेवर सापडतं. साच्यातच आकडा दोनदा कोरला गेला असेल तर दुसरी रेघही पहिलीसारखी उठावदार असते आणि टोकाला खाच दिसते. हा फरक मोबाइलच्या फोटोत कळत नाही. स्टीलवर फ्लॅशचा उजेड असा फाकतो की बारीक आकडाही जाड दिसतो. घड्याळजीकडचं दहापट भिंग घ्या, दिवा एका बाजूला ठेवा आणि नाणं हळूहळू फिरवा. उजेडाबरोबर सरकते ती चमक, जागेवर राहते ती रेघ.

मोजमाप नुसत्या नजरेने करू नका. आकड्याची उंची शेजारच्या अक्षराशी ताडा, पहिल्या आणि शेवटच्या आकड्यातलं अंतर बघा, 9 ची शेपटी आत वळून चिकटली आहे की मोकळी आहे ते बघा. असं दुसरं नाणं मिळेपर्यंत पाकिटावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह राहू द्या. माझ्याकडे अशी काही पाकिटं चार-चार वर्षं पडून आहेत.

किमतीबद्दल एकच सांगतो. वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या नाण्याला लाखो मिळतात म्हणणारे फोन इथेही येतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नाण्यांसाठी शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं खुद्द बँकेनेच ऑगस्ट 2021 मध्ये बजावलं होतं. नाणं विकायला कुणी तुमच्याकडूनच आधी पैसे मागत असेल, तर फोन ठेवा.

यंदाची परात अजून अर्धीच झाली आहे. 2011 चे सतरा रुपये बाजूला काढलेत, त्यातले सहा चांदणीचे. आज रात्री ते सहा भिंगाखाली जातील.