नाशिक–त्र्यंबक–घोटी–भंडारदरा: धरणांच्या वाटेवरचा एका दिवसाचा सायकल फेरा

नाशिकहून पहाटे निघून वैतरणेच्या काठाने घोटी, तिथून भंडारदरा, धरणाभोवती पूर्ण चक्कर आणि रात्रीपर्यंत परत. हा फेरा साधारण 230 ते 240 किलोमीटरचा होतो. आकडा बघून घाबरायचं कारण नाही, पण तो आकडा धरून आखणीही करू नका. या रस्त्यावर माणूस अडकतो तो अंतरामुळे नाही, परतीचा फाटा मागे राहून गेल्यामुळे. म्हणून आधी सुटकेच्या जागा ठरवायच्या, मग वेग. 200 किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) साडेतेरा तासांच्या मुदतीत आरामात काढलेल्यांनीच पूर्ण फेऱ्याचा विचार करावा. बाकीच्यांनी धरणाची चक्कर वगळली तर 190च्या आसपास उरतात, आणि तेही कमी नाहीत.

टप्पे असे: नाशिक ते त्र्यंबक 28, त्र्यंबक–पहिने–वैतरणा–घोटी सुमारे 38, घोटी–बारी–शेंडी (भंडारदरा धरणाजवळचं गाव) 35, धरणाची चक्कर 45, शेंडीहून परत घोटी 35, मग सिन्नर रस्त्याने पांढुर्ली 30 आणि भगूर–देवळालीमार्गे नाशिक 25. थोडंफार मागेपुढे होईल. तुमच्या घरापासूनचं अंतर नकाशावर मोजून घ्या.

परतीला घोटीहून मुंबई–आग्रा महामार्ग जवळचा पडतो, तरी तो टाळावा. अंधार पडताना कडेने ट्रक उभे असतात, आणि फुटलेल्या टायरांच्या बारीक तारा त्याच पट्ट्यात साचतात. केसाएवढी ही तार टायरमध्ये शिरली की हवा हळूहळू जाते. नवी ट्यूब टाकली तरी दहा किलोमीटरवर पुन्हा तेच, कारण तार टायरमध्येच राहिलेली असते. पंक्चर झालं की टायर आतून कापसाच्या बोळ्याने पुसा. कापूस जिथे अडकेल तिथे तार. ती नखाने निघत नाही, भुवयांचा छोटा चिमटा सोबत ठेवा. घोटीत महामार्ग ओलांडण्याआधी आणि नंतर एकदा टायरवरून नजर फिरवावी.

हंगाम सप्टेंबरअखेर ते डिसेंबर. जुलै-ऑगस्टचा मोह सगळ्यांना होतो, पण इगतपुरीकडे नाशिक शहराच्या चौपट पाऊस पडतो. खड्डा पाण्याखाली दिसत नाही आणि शनिवार-रविवारी भंडारदऱ्याचा रस्ता गाड्यांनी तुंबतो. श्रावणी सोमवारी त्र्यंबककडे फिरकूच नका. 2027च्या सिंहस्थाच्या कामांमुळे त्या रस्त्यावर खोदकाम आणि सुटी खडी गृहीत धरा. आणखी एक, पावसाळा सरला की वारा बहुतेक पूर्वेकडून येतो. म्हणजे घोटी ते पांढुर्ली, जेव्हा पाय संपलेले असतात, तेव्हाच तो तोंडावर. त्या 30 किलोमीटरला दीड तास धरा आणि गट असेल तर आळीपाळीने पुढे राहा.

वेळापत्रक पहाटे 4ला निघण्याचं. त्र्यंबक साडेपाच, घोटी पावणेआठ, शेंडी 10. इथे पहिला कडक नियम: 11 वाजेपर्यंत शेंडी गाठली नाही तर चक्कर सोडून द्यायची, वाद घालायचा नाही. ‘आलोच आहोत तर जाऊन येऊ’ म्हणणारा एक तरी गटात असतोच. त्याला हे आदल्या रात्रीच सांगून ठेवा. साडेदहाला चक्कर सुरू केली तर पावणेदोनला परत शेंडी, जेवून अडीचला निघायचं, सव्वाचारला घोटी, पावणेसहाला पांढुर्ली. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, म्हणजे सुरुवात आणि शेवट दोन्ही दिव्यावर. पुढचा दिवा किमान 400 ल्यूमेनचा असावा आणि पहाटे वापरलेला दिवा दुपारी पॉवर बँकेवर भरून घ्यावा.

धरणाच्या चक्करला घाटघर आधी, रतनवाडी नंतर. शेंडीहून मुरशेत, पांजरे करत उत्तर काठाने घाटघर, पुढे साम्रद, मग रतनवाडी. घाटघर ते रतनवाडी हा तुकडा सगळ्यात खडबडीत. तिथे फोनला रेंज मिळेल या भरवशावर राहू नका, नकाशा आधीच उतरवून ठेवा. घाटघरला पोचल्यावर मागे फिरण्यात काही वाचत नाही, दोन्ही बाजूंनी अंतर जवळपास सारखंच. हे अभयारण्याचं क्षेत्र आहे. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्काला सुटे पैसे लागतात.

चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, ही इथली गंमत. 1926 साली पूर्ण झालेलं विल्सन धरण, म्हणजेच भंडारदऱ्याचं धरण, समोर भरलेलं दिसतं, पण ते पाणी बाटलीत भरू नका. तासाला 500 ते 750 मिली पाणी लागतं, म्हणून शेंडीहून निघताना प्रत्येकाकडे दोन लिटर हवं. हापशाचं पाणी घ्यावं लागलं तर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. ओआरएसची मोठी पुडी एक लिटरलाच. घट्ट केली तर पोट बिघडतं. खाण्यातून तासाला 50-60 ग्रॅम कर्बोदकं जायला हवीत. दोन केळी, किंवा एक केळं आणि मूठभर मनुका. नाशिककराला मिसळीशिवाय सकाळ सुचत नाही हे मान्य, पण घोटीत तर्री ओरपून बारीची चढण चढाल तर ती घशाशी येईल. इडली किंवा पोहे खा. शेंडीत दुपारी पिठलं-भाकरी मिळाली तर अर्धपोटीच उठा.

सायकलला पुढे 50/34 दात्यांची चक्रं आणि मागे 11-32 किंवा 11-34. चढ फार उभे नाहीत, पण 150 किलोमीटरनंतर मागचं सगळ्यात मोठं चक्र 28 दात्यांचंच असेल तर ते गुडघ्याला भारी पडतं. टायर 28 मिमी, फ्रेममध्ये मावत असेल तर 32. पंचाहत्तर किलोच्या माणसाला 28ला 75-80 पीएसआय, 32ला 60च्या आसपास. जास्त हवा भरली तर साम्रदच्या रस्त्यावर हात बधिर होतात. सोबत दोन ट्यूब, पॅच, टायर फाटला तर आतून लावायला जाड तुकडा, चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडणारी कडी) आणि आपल्याच फ्रेमचा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा). हा शेवटचा भाग लोक विसरतात, आणि तो घोटीत मिळत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात भाताची कापणी असते. पेंढा रस्त्यावर पसरलेला दिसला की पेडल मारणं थांबवून सायकल नुसती सरकू द्या. एक लांब काडी डिरेलरच्या खालच्या चाकात गुंडाळली गेली की चेन अडते आणि जोर लावला तर हँगर वाकतो. उतरून चेन उलटी फिरवत काडी सोडवा.

माणूस किंवा सायकल मोडली तर शेंडी–घोटी रस्त्यावर घोटी बाजारला जाणारी पिकअप थांबवणं सगळ्यात सोपं. भाडं आधी ठरवा. घोटी आणि इगतपुरीला रेल्वे स्टेशन आहे, पण सायकल डब्यात चढवू देतीलच असं नाही, म्हणून नाशिकमध्ये कुणाला तरी गाडी घेऊन येण्याबद्दल बोलून ठेवा. घोटी, शेंडी, पुन्हा घोटी आणि पांढुर्ली, या चार ठिकाणांहून त्याला फोन करायचा. पांढुर्लीहून फोन आल्यावर दोन तासांत तुम्ही पोचला नाहीत, तर त्याने भगूरच्या रस्त्याने गाडी काढायची.