आजोळचा नाताळ आणि चर्चमधली वर्षे : कौटुंबिक आठवणींची वही कशी तयार करावी

नाताळला, पुनरुत्थानाच्या सणाला (ईस्टरला) किंवा गावच्या चर्चच्या सणाला आजी-आजोबांच्या घरी सगळा गोतावळा जमण्याची रीत वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांत अजून टिकून आहे. मात्र ज्या घरांच्या ओटीवर पंगती बसत, त्यांपैकी पुष्कळ घरे पाडून तेथे बंगले किंवा इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणि त्या घरांतील रीतभात ज्यांना ठाऊक आहे ती माणसे सत्तरी-ऐंशीच्या पुढे गेली आहेत. हे सारे लिहून ठेवायला हवे, असे प्रत्येक कुटुंबात कोणी ना कोणी म्हणत असते. प्रत्यक्ष लिहायला बसले की ‘फार मजा यायची’ याच्या पुढे वाक्य सरकत नाही, कारण भावना विचारली तर उत्तर एका ओळीत संपते आणि काम विचारले तर तासभर संपत नाही. खाली दिलेली पद्धत याच गोष्टीवर बेतलेली आहे. ती वसईच्या कॅथलिक घरांना धरून सांगितली असली, तरी अहिल्यानगर किंवा सोलापूरकडील प्रॉटेस्टंट कुटुंबांनाही थोड्या फरकाने वापरता येईल.

१. कोणाला विचारायचे ते ठरवावे

सुरुवात सर्वांत वयस्क व्यक्तीपासून करावी हे खरे, परंतु केवळ कुटुंबप्रमुखाला विचारून थांबू नये. आजोबा चर्चच्या बांधकामाची आणि फादरांच्या बदल्यांची हकिगत सांगतात. नाताळ घरात कसा उभा राहत असे, हे मात्र थोरल्या सुनेला ठाऊक असते. लग्न होऊन बाहेर गेलेल्या आत्या आणि मुंबईला नोकरीला गेलेले काका यांनाही विचारावे. घरात राहणाऱ्याला जे नेहमीचे वाटते, ते सुटीला येणाऱ्याच्या लक्षात अधिक राहते.

२. प्रश्न उपासनेच्या वर्षाप्रमाणे लावावेत

‘लहानपणीचे काही सांगा’ असा मोकळा प्रश्न टाळावा आणि चर्चचे वर्ष हीच प्रश्नांची चौकट धरावी : आगमनकाळ, नाताळ, राखेचा बुधवार आणि उपवासकाळ, झावळ्यांचा रविवार, पुनरुत्थान, मे महिन्यात क्रूसापाशी होणारी जपमाळ, ८ सप्टेंबरचा मारिया मातेचा जन्मोत्सव, २ नोव्हेंबरला दफनभूमीत लावलेल्या मेणबत्त्या, आणि शेवटी आपल्या चर्चच्या आश्रयदात्या संताचा सण. ज्याला साल आठवत नाही, त्याला सण नक्की आठवतो.

प्रत्येक सणासाठी कोणी, कशाने, केव्हा आणि कोणाच्या पैशाने, एवढेच विचारावे. नाताळापुरते पाहिले तर : येशूजन्माच्या देखाव्यातील गोठ्यासाठी पेंढा कोठून येई आणि हिरवळीसाठी नाचणी किती दिवस आधी पेरत? चांदणीचा कंदील बांबूच्या कामट्यांचा घरी करत की विकत आणत? फुगे (तळलेले गोळे) आणि सांदणे (वाफवलेल्या वड्या) यांचे पीठ आंबवण्यासाठी ताडी कोण आणून देई, आणि थंडीमुळे पीठ फुगले नाही तर काय करत? इंदेल या मांसाच्या कालवणाचा मसाला कोणाच्या हातचा असे? करंज्यांचे ताट शेजारच्या हिंदू घरी कोण नेई, आणि दिवाळीत तिकडून काय येई? मिस्सेला (चर्चमधील मुख्य उपासनेला) जाताना घरी राखण कोण करी? या शेवटच्या प्रश्नाला बहुतेकदा अनपेक्षित उत्तर मिळते, कारण घरी राहिलेल्या माणसाची आठवण इतरांहून अगदी निराळी असते. वाडीचे काम सणासाठी थांबत असे का, हेही विचारावे. केळी, पानवेल, फुले आणि दूध यांवर चालणाऱ्या घरात सणाच्या पहाटेही रहाट फिरवावा लागत असण्याची शक्यता आहे.

३. ध्वनिमुद्रण करावे

फोन पुरेसा आहे. पंखा बंद करावा, फोन बोलणाऱ्याजवळ कापडावर ठेवावा, आणि एका बैठकीत पाऊण तासाहून अधिक वेळ घेऊ नये. आरंभी दिनांक, स्थळ आणि बोलणाऱ्याचे नाव मोठ्याने सांगावे व मुद्रणाला संमती घ्यावी. आजी सामवेदी किंवा वाडवळी बोलीत बोलत असेल, तर तिला प्रमाण मराठीकडे वळवू नये. उतरवतानाही तिचे बोल तसेच ठेवून अर्थ खाली द्यावा.

४. आठवणींना साल लावावे

या पायरीवर सर्वाधिक श्रम घ्यावेत असे माझे मत आहे, कारण साल नसलेली आठवण पुढच्या पिढीला नुसती गोष्ट वाटते. सुदैवाने चर्चच्या जीवनात काही खुणा अशा आहेत की त्यांवरून काळ बऱ्यापैकी नेमका धरता येतो. कम्युनियन (मिस्सेत मिळणारा पवित्र भाकरीचा प्रसाद) घ्यायचे असेल तर मध्यरात्रीपासून पाणीदेखील वर्ज्य असे, असे कोणी स्वतःच्या अनुभवाने सांगत असेल, तर ती आठवण १९५३ पूर्वीची समजावी, कारण त्या वर्षी पाण्याची मोकळीक मिळाली. १९५७ मध्ये उपवास तीन तासांवर आला आणि १९६४ च्या अखेरीस एका तासावर. अर्थात काही वडीलधारी माणसे नियम सैल झाल्यावरही जुनीच शिस्त पाळत राहिली, म्हणून ‘तेव्हा सगळेच असे करत का?’ हा पूरक प्रश्न विसरू नये. मिस्सा लॅटिनमध्ये होई आणि फादर वेदीकडे तोंड करून उभे राहत, ही आठवण साधारणपणे उपासनेत मोठे बदल घडवणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या, म्हणजे १९६२ ते १९६५ या काळाच्या, आधीची किंवा त्याच सुमाराची असते.

डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस या कॅथलिकांच्या मेळाव्यासाठी मुंबईला आले होते, आणि तोवर कोणत्याही पोपने भारतात पाऊल ठेवलेले नव्हते. घरातून तेथे कोण गेले, कशाने गेले आणि तेव्हा कोणते मूल कडेवर होते, एवढे कळले तरी आगेमागच्या अनेक घटना आपोआप जागेवर बसतात. फेब्रुवारी १९८६ मधील पोप दुसरे जॉन पॉल यांची भेट आणि १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा झालेला वसई धर्मप्रांत या त्यानंतरच्या पिढीच्या खुणा होत. उघड्यावरील नाताळची मिस्सा मध्यरात्रीऐवजी लवकर होऊ लागली, ही आठवण ध्वनिक्षेपकांवर रात्रीचे बंधन आणणाऱ्या २००० सालच्या नियमांनंतरची असण्याचा संभव अधिक.

५. चर्चच्या नोंदी पाहाव्यात

सांगितलेल्या तारखा धर्मग्रामाच्या (एका चर्चच्या हद्दीतील समाजाच्या) कार्यालयातील नोंदवह्यांशी ताडून घ्याव्यात. स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) नोंदीत जन्माचा व संस्काराचा दिनांक, आईवडील आणि धर्मपिता-धर्ममाता (मुलाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारे गॉडपेरेंट्स) यांची नावे असतात. शिवाय त्या व्यक्तीचे दृढीकरण (स्नानसंस्कारानंतरचा श्रद्धा दृढ करण्याचा संस्कार) आणि विवाह पुढे झाले, की त्याची टीप त्याच नोंदीशेजारी करण्याचा चर्चचा नियम आहे, त्यामुळे एका नोंदीवरून दुसऱ्या गावच्या चर्चपर्यंत पोहोचता येते. धर्मपिता-धर्ममातेची नावे आवर्जून उतरवावीत. सणाला पाहुणा म्हणून येणारा, पण नाते कोणालाच सांगता न येणारा माणूस पुष्कळदा तेथे सापडतो.

प्रमुख धर्मगुरूंना आधी लेखी विनंती करावी आणि आपले नेमके काम सांगावे; वह्या चाळायला मिळतीलच असे नाही, पण उतारा बहुधा मिळतो. जुन्या नोंदी लॅटिन किंवा पोर्तुगीज भाषेत असू शकतात. एकाच गावात त्याच नावाचे आणि लोपीस किंवा परेरा आडनावाचे अनेक जण असतात, म्हणून आळी, घराण्याचे टोपणनाव आणि आईचे नाव जुळल्याशिवाय माणूस आपला मानू नये. दफनभूमीतील क्रूसांची छायाचित्रे मात्र लगेच घ्यावीत. बऱ्याच ठिकाणी थडगी कायमची नसतात आणि काही वर्षांनी तीच जागा पुन्हा वापरली जाते.

६. छायाचित्रे

लहान आकाराची जुनी छायाचित्रे ६०० डीपीआयवर स्कॅन करावीत आणि मागील बाजूही स्कॅन करावी. मागे लिहायचे झाल्यास मऊ पेन्सिल वापरावी, बॉलपेन नव्हे. नावे डावीकडून उजवीकडे लिहावीत, आणि चित्रात दिसणाऱ्या घराच्या भागाचेही, म्हणजे ओटी, पडवी, विहीर किंवा बावखल (वाडीतील लहान तळे) यांचे, नाव द्यावे.

७. लिहिताना

मजकूर व्यक्तीनुसार न मांडता सणानुसार मांडावा. दोन भावंडांच्या आठवणी जुळत नसतील तर मधला मार्ग काढू नये. दोन्ही नावानिशी शेजारी ठेवाव्यात. एक म्हणेल की आजोबा मिस्सेनंतर सगळ्यांना पैसे वाटत, दुसरी म्हणेल की फक्त मुलग्यांना, आणि या फरकातच घराचे खरे चित्र असते. जमिनीची विक्री, वाटण्या, अबोला हे विषय निघणारच, कारण कोणत्या वर्षापासून अमुक कुटुंब नाताळला येईनासे झाले याचे कारण अनेकदा तेथेच दडलेले असते. वर्ष लिहावे, पण त्यामागचे कारण लिहायचे की नाही ते संबंधितांना विचारून ठरवावे, आणि ते हयात असेतो त्यांच्या नकाराचा मान राखावा.

मजकूर तयार झाल्यावर तो ज्यांनी सांगितला त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा व दुरुस्त्या करून घ्याव्यात. त्यानंतर छापील प्रती काढून प्रत्येक शाखेच्या घरी एक द्यावी, ध्वनिफिती किमान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि एक प्रत धर्मग्रामाच्या कार्यालयाला देऊ करावी. मात्र त्या प्रतीतून खासगी बाबींची पाने आधी काढून ठेवावीत.